वाचकांचे प्रश्न : रामेश्वर, कन्याकुमारी आणि मधला किनारा

दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या देवस्थानांबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं असं रामेश्वर-कन्याकुमारी करायचं ठरवतोय. आपल्याकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो, हवाही छान असते. हरकत नाही ना?
— एक वाचक, यावल

हरकत आहे, आणि एक नाही, तीन आहेत. आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा सुरू होतो. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. बंगालच्या उपसागरातली वादळंही याच काळात उठतात. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी गाव ज्या वादळात गेलं ते 22-23 डिसेंबर 1964 चं. एवढं टोकाचं काही झालं नाही तरी समुद्र खवळला की कन्याकुमारीची विवेकानंद स्मारकाकडे जाणारी बोट बंद होते आणि धनुष्कोडीचा रस्ता अडवतात, म्हणजे निम्मी सहल लॉजच्या खिडकीतून.

दुसरं म्हणजे दिवाळीनंतर लगेच, कार्तिक शुद्ध षष्ठीपर्यंत, वाटेवरच्या तिरुचेंदूरला स्कंदषष्ठीचा, म्हणजे कार्तिकेयाचा, मोठा उत्सव असतो. त्या आठवड्यात तिथे खोली मिळणं अवघड आणि दर्शनाची रांग काही तासांची. तिसरं, नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाला जाणारे अय्यप्पाभक्त रामेश्वर, कन्याकुमारी आणि तिरुअनंतपुरम तिन्हीकडे असतात.

संक्रांत-पोंगल उरकल्यावर, साधारण 20 जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. मुलं दहावी-बारावीत नसतील तर आठवडाभर शाळा बुडाली म्हणून आभाळ कोसळत नाही. त्यातही पौष अमावास्या आणि महाशिवरात्र टाळा. अमावास्येला तमिळ लोक पितृकार्यासाठी रामेश्वरला लोटतात, तेव्हा देवळासमोरच्या समुद्रावर, अग्नितीर्थावर, पाय ठेवायला जागा नसते.

जळगावहून गाडी कोणती धरावी? आणि दिवसांची आखणी कशी करावी? आमच्याकडे नऊ-दहा दिवस आहेत.
— एक वाचक, जळगाव

जाताना अहमदाबाद-चेन्नई नवजीवन, येताना एर्नाकुलमहून मंगला. नवजीवन नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत चेन्नई सेंट्रलला जाते. मंगला कोकणातून, कल्याण-मनमाडवरून आपल्याकडे येते. एकाच वाटेने जाऊन-येऊन करण्यापेक्षा हा फेरा बरा, कारण रामेश्वर ते तिरुअनंतपुरम सगळा प्रवास पुढे-पुढेच होतो, मागे फिरावं लागत नाही.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण हे दिवस गाडी मूळ स्टेशनातून सुटते त्या तारखेपासून मोजतात. नवजीवन अहमदाबादहून रात्री सुटून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उजाडता येते. म्हणजे तुमच्या प्रवासाच्या तारखेवरून हिशेब केलात तर एक दिवस उशीर होतो आणि वेटिंगचं तिकीट हातात पडतं.

चेन्नईत रामेश्वरची रात्रीची गाडी धरायची. ती सेंट्रलवरून सुटत नाही. काही गाड्या एग्मोरहून, काही तांबरमहून सुटतात, आणि तांबरम सेंट्रलपासून चांगलं दूर आहे. तिकिटावरचं स्टेशन वाचा आणि दोन गाड्यांत निदान सहा तास ठेवा. तेवढ्यात मैलापूरचं कपालीश्वर मंदिर आणि मरीना किनारा होऊन जातो.

आखणीतली खरी गोम दुपारची आहे. तिकडची बहुतेक देवळं बारा-साडेबाराला, फार तर एकला बंद होतात आणि तीन-चारनंतर उघडतात. आपल्याकडच्या मंडळींची सवय अशी की सकाळी सावकाश निघायचं, वाटेत नाश्ता करायचा आणि भर दुपारी देवाच्या दारात उभं राहायचं. तिकडे हे जमत नाही. पहाटे दर्शन, दुपारी प्रवास, संध्याकाळी पुढच्या देवळात दर्शन, असा क्रम लावला की एक दिवस अख्खा वाचतो.

उदाहरणार्थ, रामेश्वरात दोन मुक्काम करा. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत निघून किनाऱ्याच्या रस्त्याने तिरुचेंदूर गाठा. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी मुरुगनाचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं, दर्शन होतं. हे मुरुगनाच्या सहा मुख्य स्थानांपैकी एक, आणि अगदी लाटांना लागून. जवळच नाळीकिणर नावाची विहीर आहे. समुद्र हाकेवर असून तिचं पाणी गोडं. समुद्रस्नानानंतर तिथे अंगावर पाणी घेण्याची रीत आहे. मुक्काम तिथेच करून दुसऱ्या दिवशी कन्याकुमारी. ते पुढे नव्वदेक किलोमीटर.

परतीला एक ध्यानात ठेवा : मंगला एर्नाकुलम जंक्शनवरून सुटते, एर्नाकुलम टाऊनवरून नाही. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात ती काही तास आधी निघते, तेव्हा जुनी वेळ डोक्यात धरून जाऊ नका.

आईचं वय बहात्तर, गुडघे दुखतात. तिला रामेश्वरची बावीस कुंडं करायचीच आहेत. झेपेल का? क्रम कसा असतो? घरी काशीहून आणलेली गंगाही आहे.
— एक वाचक, रावेर

झेपेल, पण घाई केली तर नाही. धोका थंड पाण्याचा कमी आणि घसरण्याचा जास्त.

आधी क्रम. पहाटे पाचच्या सुमारास स्फटिकलिंगाचं दर्शन असतं आणि तासाभरात आटोपतं. ते करायचं असेल तर कोरड्या कपड्यांत आधी तेच करा. मग देवळाच्या पूर्वेला समुद्रावर अग्नितीर्थ. तिथला समुद्र पाल्कच्या सामुद्रधुनीतला, उथळ आणि शांत, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही गुडघाभर पाण्यात बसून डुबकी घेता येते. तशाच ओल्या कपड्यांनी देवळात जाऊन कुंडांचं तिकीट खिडकीवरच काढायचं. रस्त्यात कोणी ‘स्पेशल स्नान’ म्हणून पाचपट पैसे मागितले तर मान हलवून पुढे चला.

ही कुंडं म्हणजे बहुतेक लहान विहिरी. कठड्यावर उभा असलेला माणूस दोरीच्या बादलीने पाणी शेंदतो आणि रांगेतल्यांच्या डोक्यावर ओततो. कुठे विहिरी चार पावलांवर, कुठे लांब प्रदक्षिणामार्गाच्या दुसऱ्या टोकाला. गर्दी नसेल तर तास-दीड तासात होतात. सगळी वाट काळ्या दगडी फरशीची आणि दिवसभर ओली. चपला घालता येत नाहीत. अर्ध्याहून जास्त माणसं घोळक्यात पळत सुटतात, कारण पुढच्या विहिरीवर आपला घोळका सुटेल अशी भीती असते. सुटला तर सुटू द्या, मागून दुसरा येतोच.

आईंना नेसायला सुती पातळ द्या, पण काठ घोट्याच्या वर येईल असं. ओला पदर आणि निऱ्या पायात येऊनच बायका पडतात. दोन्ही बाजूंनी एकेकाने हात धरा. बादली ओतणाऱ्याला खांद्यावर पाणी टाकायला खुणेने सांगितलं तर तो ऐकतो. नाहीतर पूर्ण बादली डोक्यावर आदळते आणि तोल जातो. मधुमेह असेल तर उपाशीपोटी नेऊ नका. कुंडं पुरेशी वाटली तर मध्येच थांबायला कोणी अडवत नाही. शेवटचं कोटितीर्थ करून संपवा.

ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. म्हणून घरातल्या एकाने कोरडंच राहून कपड्यांची पिशवी सांभाळायची, हे आदल्या रात्री ठरवून ठेवा. मोबाईल लॉजवरच ठेवा, आत बंदी आहे. कपडे बदलल्यावर दर्शन आणि मग निवांत तिसरा प्राकार, म्हणजे खांबांचा लांब प्रदक्षिणामार्ग, पाहा. बाराशेवर खांबांची ती ओळ मोकळ्या डोळ्यांनी पाहायची चीज आहे, आणि कुंडांच्या धावपळीत ती हमखास राहून जाते.

गंगेचं पाणी तुम्ही स्वतः वाहायचं नसतं. गंगाभिषेकाचं वेगळं तिकीट असतं, पाणी पुजारी घेतात आणि अभिषेक करतात. लोटी सीलबंद असलेली बरी. इथले पुजारी मूळ महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतले आहेत, त्यामुळे भाषेची अडचण वाटते तेवढी येत नाही. नाथांनी रामेश्वरची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली ती हीच परंपरा. तेव्हा रेल्वेत लोटी सांडली तर आईंना नाथांची आठवण करून द्या.

धनुष्कोडीला पोहता येतं का? आम्ही सगळे तापीत पोहलेले आहोत.
— एक वाचक, शिरपूर

नाही. अरिचलमुनई या टोकाला एका बाजूला पाल्कचा शांत समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मन्नारच्या आखाताचा खवळता, आणि दोन्हींचे प्रवाह टोकाशी भिडतात. वाळूचा उतार दर काही महिन्यांनी बदलतो. तापीत प्रवाह एका दिशेने नेतो आणि काठ दोन्हीकडे असतो. इथे पाणी आत ओढतं आणि पलीकडे काठच नाही.

रामेश्वरपासून टोक वीसेक किलोमीटर. वाटेत कोदंडराम मंदिर, मग पडक्या चर्चचे आणि स्टेशनचे अवशेष. संध्याकाळ व्हायच्या आत गाड्या परत पाठवतात, म्हणून दुपारी तीनच्या पुढे निघण्यात अर्थ नाही. सावली नाही, गोडं पाणी नाही. माणशी एक लिटर बाटली आणि टोपी घ्या. गाडी डांबरीवरच ठेवा. वाळूत रुतली की काढायला पैसे मोजावे लागतात.

येताना-जाताना पांबनचा नवा रेल्वेपूल दिसतो. 1914 चा जुना पूल गंजल्यामुळे डिसेंबर 2022 मध्ये त्यावरची वाहतूक थांबली आणि एप्रिल 2025 मध्ये नवा सुरू झाला. त्याचा 72.5 मीटरचा मधला गाळा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो.

कन्याकुमारीला सूर्योदय, सूर्यास्त आणि विवेकानंद स्मारक एका दिवसात होईल का? गेल्या वर्षी शेजारी गेले होते, त्यांना बोटच मिळाली नाही.
— एक शिक्षिका, शहादा

होईल, बोट आधी उरकली तर. बोटी साधारण सकाळी आठ ते दुपारी चार चालतात आणि वारा वाढला की बंद करतात. वारा बहुतेक दुपारीच वाढतो. शेजाऱ्यांचं तसंच काही झालं असावं. सूर्योदय पाहून नाश्त्याला न रेंगाळता सातलाच बोटीच्या रांगेत लागा.

पूर्वी शेजारच्या खडकावरच्या तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याकडे बोट लावणं खडकांमुळे वारंवार रद्द व्हायचं. डिसेंबर 2024 अखेरीस स्मारक आणि पुतळा यांच्यामध्ये 77 मीटरचा काचेचा पूल सुरू झाला, त्यामुळे आता एकाच खडकावर उतरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. पुतळा 133 फुटांचा, त्यांच्या तिरुक्कुरळ ग्रंथाच्या 133 अध्यायांसाठी. स्मारक 1970 चं, आणि ते उभं करणारे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. खडकावर अनवाणी चालावं लागतं, दगड दहानंतर तापतो; हेही लवकर जाण्याचं कारण.

जानेवारीत सूर्य साडेसहा वाजून गेल्यावर उगवतो. सूर्यास्तही तेव्हा समुद्रातच दिसतो. मे ते जुलैमध्ये मात्र सूर्य वायव्येला सरकतो आणि जमिनीआड मावळतो, तेव्हा तो पाण्यात बुडताना पाहायच्या आशेने थांबू नका. दुपारची झोप झाल्यावर 13 किलोमीटरवरचं शुचींद्रम घ्या. ब्रह्मा, विष्णू, महेश एका लिंगात, वाजवल्यावर सूर देणारे खांब आणि 18 फुटी मारुती.

एप्रिल-मे मध्ये जाणाऱ्यांना सूचना : या किनाऱ्यावर वारा नसताना, आभाळ निरभ्र असताना अचानक मोठ्या लाटा चढतात. दूरच्या महासागरातल्या वादळांनी उठलेली ती उसळी असते. हैदराबादची इन्कॉइस संस्था तिचा इशारा देते. पोलिसांनी किनारा बंद केला असेल तर हुज्जत घालू नका.

देवळांत पोशाखाचा नियम नक्की काय? दरवेळी धोतर विकत घ्यायचं का?
— एक वाचक, चाळीसगाव

तिरुचेंदूर, शुचींद्रम, कन्याकुमारीच्या भगवतीकडे पुरुषांनी सदरा-बनियन काढायचं, पॅन्ट चालते. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामीकडे मात्र पॅन्टही नाही. पुरुषांना वेष्टी (तिकडचं लुंगीसारखं नेसायचं वस्त्र) किंवा धोतर, बायकांना साडी. पंजाबी ड्रेसवर वरून मुंडू, म्हणजे तसंच कमरेचं वस्त्र, गुंडाळावा लागतो. घरचं धोतर किंवा सोवळं चालतं, नऊवारीही चालते. धोतराची सवय नसलेल्यांनी वेल्क्रो लावलेली, खिसा असलेली तयार वेष्टी तिकडे घ्यावी. पुढची सगळी देवळं त्यावर होतात.

पद्मनाभाचं दर्शन तीन दारांतून होतं : पहिल्यातून मुख आणि शिवलिंगावर ठेवलेला हात, मधल्यातून नाभिकमळ, तिसऱ्यातून पाय. काळोख असतो, दिवे तेलाचे, आणि मागून ढकलत असतात. क्रम आधी माहीत असला तरच काही दिसतं. सकाळी दर्शन मध्ये-मध्ये थांबतं, त्यामुळे त्या दिवसाच्या वेळा आदल्या संध्याकाळी दारावर पाहून ठेवा.

आमच्या दादांचं एकच म्हणणं, ‘भाकरबिगर पोट भरस नही.’ आठ दिवस भातावर कसे काढायचे?
— एक वाचक, चोपडा

दशम्या फक्त जातानाच्या गाडीपुरत्या न्या. किनाऱ्याच्या दमट हवेत त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरसतात. शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा आणि भाजलेले बिबडे मात्र आठ दिवस टिकतात, आणि तिकडच्या दहीभाताबरोबर ठेचा लागतो झकास.

पानावरचं भाताचं जेवण बहुधा दुपारीच असतं. संध्याकाळी इडली, डोसा आणि चपाती मिळते, म्हणून दादांचं मुख्य जेवण संध्याकाळी ठेवा. परोटा मैद्याचा, रोज खाऊ घालू नका. भात वाढणाऱ्याला सांबार झाल्यावर थांबवायचं नाही. मग रसम, मग ताक येतं, आणि पोट त्या ताकानेच शांत राहतं.

केळीच्या पट्ट्यातून जाताय तर कन्याकुमारीच्या बाजारात लाल केळी, नेंद्रन आणि बोटाएवढं मट्टी केळं जरूर चाखा. मट्टीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या ग्रँड नैनपेक्षा ते लहान, पण गोडीला फार पुढे. घड घेऊ नका, एक फणी पुरे. पिकलेलं दोन दिवसांत काळं पडतं.