खारघरच्या गच्चीतले पाम थंडीत झाकायचे का? आणि निफाडला नेले तर?

तुमची खारघरला वरच्या मजल्यावर मोकळी गच्ची आहे, तिथे अरेका, फिनिक्स पाम, अँथुरियम, अडेनियमच्या कुंड्या आहेत आणि डिसेंबर लागल्यापासून पानांची टोकं करपायला लागलीत. व्हिडिओत दाखवतात तसं बबल रॅप गुंडाळावं का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की मोठे पाम निफाडजवळच्या बंगल्यात नेऊन जमिनीत लावले तर तिथल्या थंडीत तगतील का. मी ठाण्यात राहते, गच्चीत बाग करते आणि माझं सासर निफाड तालुक्यात उगावला, द्राक्षवाल्यांचं. त्यामुळे दोन्हीकडची थंडी ओळखीची आहे.

खारघरला काहीही गुंडाळू नका. ते व्हिडिओ ज्या देशांतले आहेत तिथे कुंडीतली माती आठवडे-आठवडे गोठलेली असते. आपल्याकडे सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ ला. ठाणे-नवी मुंबईत एखाद्या पहाटे पारा बारा-तेरावर आला तरी आपण कपाटातून स्वेटर काढतो आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो. अरेका मूळचा मादागास्करचा, थंडी न सोसणारा, पण तोसुद्धा साधारण दहाच्या खाली गेल्यावर कुरकुरतो. तुमच्या गच्चीत ती वेळ क्वचितच येईल. उलट दुपारच्या तीस-एकतीस अंशांच्या उन्हात प्लास्टिकच्या आत झाड उकडून निघेल आणि बुरशी लागेल ती वेगळीच.

मग टोकं का करपतात? कोरड्या हवेने. पावसाळ्यात दमट हवेत वाढलेली ही पानं. हिवाळ्यात सकाळभर वारा जमिनीकडून, पूर्वेकडून वाहतो आणि खाडीकडचा दमट वारा दुपारपर्यंत फिरकत नाही. पानातून पाणी भराभर उडतं, आणि टोक मुळांपासून सर्वात लांब असल्यामुळे आधी तेच वाळतं. वर्षानुवर्षं खत घालून कुंडीत साचलेले क्षारही तिथेच जाऊन बसतात. त्यात ‘थंडीत पाणी कमी’ हा मंत्र आपण डोळे मिटून पाळतो. घरातल्या कुंडीला तो ठीक आहे. वरच्या मजल्यावरच्या गच्चीत, वाऱ्याच्या तोंडावर, मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच, पण भांडंभर न देता कुंडीच्या तळातून वाहेपर्यंत पाणी द्यायचं. क्षार त्यानेच धुऊन जातात. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की रात्रभर मुळं गार चिखलात राहतात.

एक पान उलटं करून उन्हात धरा. वरच्या बाजूला सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली शिरेलगत अगदी बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालायला लागतील. कोरडी हवा आणि धूळ हे त्याचं माहेर आणि तुमच्याकडे बांधकामांमुळे दोन्हींची चंगळ. औषधाच्या आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, चार-पाच दिवसांनी पुन्हा मारा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर निंबोळी तेल, पण ऊन उतरल्यावर. कठड्याच्या पूर्वेकडच्या बाजूला हिरवी शेडनेट उभी बांधा, वारा अडतो. अँथुरियम भिंतीच्या आडोशाला, मोठ्या पामच्या पायाशी घोळक्यात ठेवा. एकमेकांच्या ओलाव्यावर झाडं बरी राहतात.

अडेनियमची पानं गळत असतील तर गळू द्या, पाणी मात्र जवळजवळ बंद करा. त्याचा तो फुगीर बुंधा थंडीने मरत नाही, ओल्या मातीत कुजतो. चाफाही असाच बोडका होतो. दरवर्षी कुणीतरी तो ‘मेला’ म्हणून उपटून टाकायला निघतं. आणि तुळस! तिच्या मंजिऱ्या वेळेवर खुडा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

आता निफाड. तिथली थंडी हा वेगळाच मामला आहे. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि कडाक्याच्या लाटेत तो पाचच्याही खाली जातो. पण तो जमिनीपासून चारेक फुटांवर, पेटीच्या सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा. वारा पडलेला, आभाळ निरभ्र असेल तर उघड्यावरचं पान आपली उष्णता थेट आभाळाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. आकडा शून्याच्या वर असतानाही दव गोठतं ते यामुळेच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, त्यामागेही हेच. सासरे हवामानाचं अॅप बघत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून म्हणतात, “वारा पडलाय, चांदण्या लकाकताहेत, आज जागायचं.” मग बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री मात्र सगळे निवांत झोपतात.

तुमच्या पामला यातलं एवढंच घ्यायचं: पान आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी हवं आणि जमिनीची ऊब त्याच्या आत अडकायला हवी. म्हणून आच्छादन जमिनीपर्यंत आलं पाहिजे. वर शेंड्याला कापड गुंडाळून खाली खोडाला दोरी आवळली की जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते. चार बांबू रोवा, वर गोणपाट, जुनी चादर किंवा कृषी सेवा केंद्रात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर टाका आणि कडा विटांनी दाबा. प्लास्टिक वापरलंच तर ते पानाला टेकू देऊ नका, टेकेल तिथे पान भाजल्यासारखं होतं. ऊन वर आलं की उघडायचंच. ज्या रात्री झाकणार त्या दिवशी दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती जास्त ऊब धरते. पाणी बुडाशीच द्या, शेंड्यात साचू देऊ नका.

शेंड्याबद्दल इतकं बजावते, कारण पामला वाढीचं टोक एकच असतं. चाफ्याची फांदी गेली तर बाजूने दुसरी फुटते. फिनिक्ससारख्या एकखोडी पामचा कोंब कुजला की विषय संपला. अरेका बेटाने वाढतो, त्याचा एक दांडा गेला तरी बाकीचे राहतात. म्हणून लाटेच्या दिवसांत झावळ्या वर गोळा करून सुतळीने सैलसर बांधा, बाहेरची पानं करपली तरी कोंब वाचतो. करपलेली पानं लगेच छाटू नका, होळीपर्यंत राहू द्या, आतल्या कोंबाला तीच आडोसा देतात. मधलं न उमललेलं पान हलकेच ओढून बघा. घट्ट असेल तर चिंता नाही. हातात आलं आणि बुडाशी कुजका वास असेल, तर लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) मिसळून शेंड्यात ओता आणि मग धीर धरा. आतला वाढीचा कोंब शाबूत असेल तर कित्येकदा उन्हाळ्यात नवीन पान वर येतं.

तुमच्यातला फिनिक्स तिथे जमिनीत निर्धास्त लावा. शून्याच्या थोडं खालीही तो निभावतो. अरेका मात्र उघड्यावर लावू नका. दिवसभर ऊन खाणाऱ्या दक्षिणेच्या भिंतीलगत किंवा पडवीत कुंडीतच ठेवा. बॉटल पाम घ्यायचा मोह झाला तर आवरा, तो थंडीला फारच हळवा. नवीनच घ्यायचा असेल तर वॉशिंग्टोनिया किंवा ऱ्हापिस बघा. कुमाऊंच्या डोंगरात बर्फ सोसणारा एक देशी पामही आहे, ट्रॅकिकार्पस ताकिल, पण निफाडचा उन्हाळा त्याला मानवणार नाही.

आणि हे सगळं आत्ता नको. डिसेंबरात जमिनीत लावलेलं झाड मुळं धरायच्या आतच थंडीत सापडतं. जून-जुलैत, पाऊस लागल्यावर लावा म्हणजे थंडीपर्यंत चार-पाच महिने मिळतील. तिकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्याऐवजी मुरूम मिसळून उंचवटा करा आणि त्यावर लावा. दसऱ्यानंतर युरिया बंद. कोवळी फूट थंडीत सर्वात आधी जाते. नेताना टेम्पोत कुंड्या आडव्या ठेवून झावळ्या बांधा आणि वर ताडपत्री टाका, नाहीतर कसारा घाट चढेपर्यंत वाऱ्यानेच पानांच्या चिंध्या होतील.