नागपूर–मुंबई–लंडन : किलोमीटरवरून वेळ काढू नका

तुम्ही विचारलंय की मुंबई–लंडन 7,200 किमी, विमान ताशी 900 ने जातं, म्हणजे आठ तास झाले. मग तिकिटावर दहा कसे? आणि नागपूरहून येणाऱ्या विमानानंतर तीन तास हातात आहेत, ते आई-बाबांना पुरतील का? हा दुसरा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. माझ्या सासू-सासऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं.

पहिल्याचं पटकन सांगते. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे जागेवर लागलं की संपते. धावपट्टीसाठीची रांग त्यातच आली. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे वळसा वाढला. शिवाय पश्चिमेकडे जाताना वरचा वारा समोरून असतो. परतीला म्हणूनच तासभर तरी कमी लागतो.

आता खरा मुद्दा. नागपूर–मुंबई हवाई अंतर जेमतेम 685 किमी. आमच्या एजंटने दोन वेगळी तिकिटं काढली, दोन वेगळे पीएनआर (बुकिंग नंबर). 'दीड तासाची फ्लाइट, पुढे तीन तास, भरपूर झाले,' म्हणाला. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की विमान वर घिरट्या घालत बसतं. तसंच झालं. उतरल्यावर बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, रिकामा नव्हता. व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, मग बेल्टवर बॅगांची वाट. लोणच्याच्या बरण्यांची बॅग सगळ्यात शेवटी आली. विमान टर्मिनल 1 ला, लंडनचं टर्मिनल 2 ला. मध्ये टॅक्सी आणि ट्रॅफिक. पोचले तेव्हा काउंटर बंद झालेला. पहिली कंपनी म्हणाली, पुढचं तिकीट आमचं नाही. दुसरी म्हणाली, तुम्ही 'नो शो', म्हणजे वेळेत आलाच नाहीत. एजंटने फोन उचलणं सोडून दिलं. सत्तरीतली दोन माणसं टर्मिनलच्या दारात बसून, आणि मी इकडे लंडनमध्ये फोनवर. ऐन वेळची नवी तिकिटं घ्यावी लागली. त्या एजंटचा राग अजून गेलेला नाही. माणसाच्या वयाकडे न बघता फक्त घड्याळ बघून तिकीट काढणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

माझं स्पष्ट मत : एकाच पीएनआरवर नागपूर ते लंडन काढा, चार पैसे जास्त गेले तरी. मग पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते, बॅगाही बहुतेक वेळा थेट जातात. (चेक-इनला विचारून घ्याच, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.) ते जमत नसेल तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम. तरुण असाल, फक्त हँडबॅग असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन किरकोळ गोष्टी. 'नो शो' झालं तरी विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात, कंपनी आपणहून देईलच असं नाही. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. नागपूरच्या तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), तेवढं आजच बघा.