मित्राला भन्नाट वाटणारा विनोदी सिनेमा मला रटाळ का वाटतो?

मित्र ज्या सिनेमावर गडाबडा लोळतो तो तुम्हाला रटाळ वाटतो, मग चूक कोणाची, असं तुम्ही विचारलंय. चूक कोणाचीच नाही. आमच्या एकाच घरात तीन मापं आहेत.

गेल्या दिवाळीत सोळा वर्षांच्या भाच्याला मी हौसेने 'जाने भी दो यारो' (१९८३) लावून दिला. अर्धा तास झाला तरी पठ्ठ्या मोबाइल खाली ठेवेना. "मामा, कॉमेडी कधी सुरू होणार?" पुढे द्रौपदीच्या वेशातलं प्रेत महाभारताच्या नाटकात शिरलं, रंगमंचावर सगळा सावळागोंधळ माजला, तेव्हा मात्र सोफ्यावरून घसरला. आणि मग शेवट. ते दोघे निरपराध फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर, गळा चिरल्याची खूण करतात आणि सिनेमा संपतो. भाचा माझ्याकडेच रागाने बघायला लागला. "ही कसली कॉमेडी? वाईट माणसं सुटली की!" त्याच्या हिशेबी शेवटी सगळं नीट व्हायलाच हवं. मला तो सिनेमा आवडतो तो त्या खुणेमुळेच. अर्थात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही फसवल्यासारखं वाटलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

बाबांचं माप वेगळं: सिनेमा कितव्यांदा बघवतो? 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लागला की अशोक सराफांच्या आधी बाबाच वाक्य म्हणतात आणि 'सत्तर रुपये वारले'ला हसण्यासाठी दहा सेकंद आधीपासून तयार होऊन बसतात. माहीत असलेल्या विनोदाला काय हसायचं, असं भाच्याने विचारलं, तर म्हणाले, "गाणं पाठ झालं म्हणून ऐकायचं सोडतोस का?"

आईचं माप एकच. चारचौघांत बसून बघता येतो का? त्यामुळे दादा कोंडके लागले की टीव्ही बंद. माझा मामा मात्र जत्रेच्या तंबूत दादांचे सिनेमे बघून वाढलेला. त्याच्या मते द्वयर्थी संवाद घरात ऐकायचे नसतातच, ते हजारभर माणसांत ऐकायचे असतात. आईला गाणी मात्र सगळी पाठ आहेत, कशी कोण जाणे.

हसू कोणाबरोबर बसून बघतो यावर ठरतं, हे मामाचं म्हणणं मला पटतं, कारण 'अंदाज अपना अपना' १९९४मध्ये थिएटरात फारसा चालला नाही. मीही तेव्हा अर्ध्यातून उठून आलो होतो. पुढे होस्टेलवर एका खोलीत बारा जण दाटीवाटीने बसून पाहिला, तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो. सिनेमा तोच, एका फ्रेमचाही फरक नाही.

तेव्हा मित्राला विचारा, तो सिनेमा त्याने पहिल्यांदा कुठे आणि कोणाबरोबर पाहिला. तुम्ही रात्री एकट्याने लॅपटॉपवर पाहिला असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

भाच्याने परवा त्या महाभारताची क्लिप स्वतःच्या ग्रुपवर टाकली म्हणे. शेवटाबद्दल एक अक्षर नाही.