गोव्यात जुनी टू-स्ट्रोक रोज चालवायची तर ती कशी चालवावी, कशी जपावी?

तुम्ही लिहिलंय की काकांची यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल तुमच्याकडे आली आहे, दोन पावसाळे ती पेडण्याच्या घरी पडवीत उभी होती, आता म्हापशाहून वेर्ण्याला रोज कामावर न्यायची आहे, आणि जो तो सांगतो की टू-स्ट्रोकचं इंजिन कधी धरेल, म्हणजे पिस्टन आत अडकून जॅम होईल, त्याचा नेम नाही. मी डिचोलीचा. आमच्या घरी आरएक्स आहे आणि तिची बहुतेक कामं मी स्वतःच करतो. ही गाडी रोज चालवली तरी टिकते. फोर-स्ट्रोकच्या सवयीने चालवली, तर मात्र लोक सांगतात तेच होतं.

फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑइल भरलेलं असतं आणि तेच आतल्या आत फिरत राहतं. ॲक्सिलरेटरची मूठ पिळा किंवा सोडा, पिस्टनला तेल मिळतंच. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यातून जातं, जाता जाता बेअरिंगं आणि पिस्टन भिजवतं आणि जळून जातं. म्हणजे उजव्या हातातली मूठ हा पेट्रोलचा नळ, तसाच तेलाचाही. एवढं डोक्यात बसलं की ही गाडी कशी चालवायची हे फारसं वेगळं शिकावं लागत नाही.

चोर्ला घाट घ्या. बेळगावकडून केरीला उतरताना फोर-स्ट्रोकवाला गिअरमध्ये मूठ बंद ठेवून इंजिनाच्या ब्रेकवर येतो. टू-स्ट्रोकवर असं लांबवर करायचं नाही. चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं आणि आत येणारं पेट्रोल जवळजवळ बंद झालेलं असतं. येझदी किंवा चेतकसारख्या, पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या गाड्यांना यात धोका जास्त. आरएक्सला ऑटोल्यूब पंप, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनाला तेल पुरवणारा पंप आहे आणि तो इंजिनाबरोबर फिरतो, पण मूठ बंद असताना तोही अगदी थोडंच तेल सोडतो. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी उघडायची आणि मग पुन्हा गिअरमध्ये यायचं. तसाही टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक कमीच, गाडी थांबवायची ती ब्रेकनेच. पुढे-मागे ड्रम आहेत. पावसात त्यांत पाणी शिरलं की पहिला ब्रेक पोकळ लागतो. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलात की थोडं अंतर ब्रेक हलके धरून चालवा, लायनर सुकतात.

महामार्गावर म्हापसा ते पणजी मोकळा रस्ता मिळाला म्हणून मूठ पूर्ण पिळून तशीच धरून ठेवू नका. मधेमधे थोडी सोडा, पुन्हा द्या. आणि सकाळी पहिल्या किकला चोक, मग मिनिटभर गाडी गरम होऊ द्या आणि पहिले दोन-तीन किलोमीटर नरमाईने चला. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो, बोअर मागाहून. गाडी थंड असताना रेस मारणं हे पिस्टन धरण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

इंजिन धरायच्या आधी सांगतं. आवाज अचानक कोरडा, धातूवर धातू घासल्यासारखा होतो, ओढ कमी होते आणि मूठ पिळूनही गाडी मागे खेचली जाते. त्या क्षणी क्लच. विचार नंतर करायचा. जोरात असताना दोन बोटं क्लचच्या दांडीवर ठेवायची सवय लावाच, कारण मागचं चाक जॅम झालं की गाडी तुमच्या हातात राहत नाही.

आता तेल. चांगल्या कंपनीचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घ्या आणि डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा दर्जा छापलेला असल्याची खात्री करा. याचा धूर कमी, कार्बन कमी. आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो, तो मुद्दाम सांगतो. किनाऱ्यावरच्या गावांत होड्यांच्या आउटबोर्ड मोटरींचं टू-स्ट्रोक ऑइल सहज मिळतं, त्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं असतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आपलं इंजिन हवेवर थंड होतं, त्याची उष्णता त्या तेलाला झेपत नाही. शेजारच्या होडीवाल्याने प्रेमाने दिलं तरी घालू नका.

बरेच मेस्त्री ऑइल पंप काढून टाकतात आणि टाकीत तेल मिसळायला सांगतात. पंप चांगला असेल तर मी तो काढू देणार नाही. मुठीकडून येणाऱ्या केबलला पुढे दोन फाटे आहेत, एक कार्ब्युरेटरला, एक पंपाला. केबल ताणली की पंपाच्या पुलीवरची खूण जुळते का तेही बघायचं, आणि हे बहुतेक जण विसरतात. पंपाची केबल तुटली तर गाडी काही वेळ झकास चालते, म्हणूनच ते घातक. तुमच्या काकांनी पंप आधीच काढला असेल, तर लिटरला 20 मिली, म्हणजे पाच लिटरला 100 मिली, मापाने घाला. अंदाजाने ओतू नका. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, हाही गैरसमज आहे. तेल वाढलं की मिश्रणात पेट्रोलचा वाटा घटतो, इंजिनाला उलट कोरडं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी असलेलं जळण मिळतं आणि सायलेन्सर भरतो तो वेगळाच.

जळण बरोबर आहे का हे स्पार्क प्लग सांगतो. चांगली ओढ घेऊन, क्लच दाबून, तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पोर्सेलीन दुधाच्या कॉफीच्या रंगाचं असेल तर उत्तम. काळं आणि ओलसर असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त आहे. पांढरंफटक दिसलं तर गाडी लगेच थांबवा, कुठून तरी हवा ओढतेय किंवा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, चोंदलाय. 2023 पासून पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, त्यानेही मिश्रण थोडं कोरडं होतं. बाकी सगळं ठीक असून रंग पांढराच येत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा टाकावा लागतो.

हवा ओढण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं, रबरी कड्या. आरएक्स 100 1985 ते 1996 एवढीच निघाली, तेव्हा रबर मूळचं असेल तर ते कडक झालेलंच असणार. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की मूठ सोडल्यावरही आरपीएम लगेच खाली येत नाही, गाडी रेसमध्येच रेंगाळते. हे लक्षण दिसल्यावर पुढे चालवत राहू नका. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा दाट धूर येतो आणि गिअर ऑइल उतरत जातं. तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही सीलं न विचारता बदलली असती. सीलं स्वस्त असतात, धरलेला पिस्टन आणि रिबोअर (सिलिंडर पुन्हा कोरून घेणं) महाग पडतं.

ओढ हळूहळू मरत गेली तर आधी सायलेन्सरकडे बघा. शेपटीकडचा स्क्रू काढून बॅफल, म्हणजे आतली छिद्रांची नळी, पक्कडीने फिरवत बाहेर ओढा. छिद्रं दिसेनाशी झालेली असतील, वर डांबरासारखा चिकट काळा थर आणि आत कडक कार्बन. जाळून, तारेच्या ब्रशने घासून छिद्रं मोकळी करा आणि बॅफल परत बसवा. कॉस्टिक सोड्यात टाकणार असाल तर तो ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला लागू देऊ नका, धातू खातो. बॅफल काढून फिरणं किंवा बाजारातला मोठ्या आवाजाचा इंदोरी सायलेन्सर लावणं मला मुळीच पटत नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आवाज दाबायला असतोच, शिवाय आतून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. तो आकार बदललात तर कंपनीने जमवलेलं गणित मोडतं.

हे सगळं चालू गाडीचं. तुमची तर दोन पावसाळे उभी आहे, तेव्हा लगेच किक मारू नका. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, ती पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि आतून गंज धरतो. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकी धुवा, कार्ब्युरेटरची वाटी उघडून जेट फुंकून घ्या, पेट्रोलचा पाइप नवा टाका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी सोडा आणि हाताने किक दाबत इंजिन सावकाश फिरवा. अडकलं तर जोर करू नका, हेड उघडायला द्या. ऑइलची टाकी मधे कधी रिकामी झाली होती का हे काकांना विचारून घ्या. झाली असेल तर पंपात हवा असणार. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्या. आणि पंपातून तेल नीट येतंय याची खात्री होईपर्यंत पहिलं दोन लिटर पेट्रोल, पंप असला तरी, लिटरला 20 मिली तेल घालूनच वापरा. थोडा धूर होईल, होऊ द्या.