बोअरच्या पाण्यात सोमल असेल तर उन्हाळी धान घ्यावं का?

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या, छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या गावांतून तीन प्रश्न आले आहेत. पलीकडे छत्तीसगडमधल्या अंबागढ चौकीकडच्या विहिरींत आर्सेनिक निघतं, मग आमच्या बोअरचं पाणी धानाला चालेल का? तेच पाणी उकळून प्यायलं तर? आणि हे खताऔषधांमुळे होतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण काही जण उगाच स्वतःला दोष देत आहेत. अंबागढ चौकीजवळच्या कौडीकसा भागातलं आर्सेनिक, म्हणजे आपण ज्याला सोमल म्हणतो ते, तिथल्या खडकातूनच पाण्यात उतरतं. 1999 साली तिथल्या विहिरींची आणि माणसांच्या कातडीवरच्या डागांची शास्त्रीय नोंद झाली. तुमच्या बोअरमध्ये ते आहेच असं मी म्हणत नाही. पण त्याला रंग, वास, चव काहीच नसते, त्यामुळे तपासल्याशिवाय कळणार नाही.

उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि सोमल मागे राहतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त निघालं तर ते पाणी पिणं आणि त्यात रांधणं त्याच दिवशी बंद करा. शेताचं नंतर बघू, आधी घरातली लेकरं.

आता धान. सिंचनासाठी साधारण 100 मायक्रोग्रॅमपर्यंतचं पाणी चालतं असं सांगतात, पण धानाच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही. पाण्यात 50 मायक्रोग्रॅम असेल आणि उन्हाळी धानाला हंगामात मीटरभर पाणी दिलं, तर एकरी 40 लाख लिटर होतं. त्यातून 200 ग्रॅम सोमल बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात येतो, आणि दरवर्षी त्यात भर पडते. शिवाय सतत पाणी साचलं की चिखलातली हवा संपते, मातीतल्या लोहाने धरून ठेवलेला सोमल सुटतो आणि धानाची मुळं तो सिलिका शोषतात त्याच वाटेने ओढून घेतात. दाण्यापेक्षा तणसात, म्हणजे पेंढ्यात तो जास्त साठतो आणि तणस आपली गुरं खातात.

खरिपाचं धान पावसावर किंवा बोडी-तलावाच्या पाण्यावर निघतं, त्याची मला एवढी काळजी वाटत नाही. दूषित बोअरवर मात्र उन्हाळी धान घेऊच नका. हरभरा, लाखोळी, जवस घ्या. त्यांना पाणी कमी लागतं आणि बांधी भरून ठेवावी लागत नाही. धान घेणं भागच असेल तर बांधी सतत भरून न ठेवता एकदा पाणी द्या, मग ते ओसरू द्या. बांधीत भोकं पाडलेला पाइप वीतभर खोल रोवा, त्यातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर उतरलं की पुढची पाळी. निसव्याच्या वेळी, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना मात्र बांधी कोरडी पडू देऊ नका. तुसाची राख घातल्यास सिलिका मिळते, तिचाही थोडा आधार होतो.

भात रांधताना स्वच्छ पाणी सहापट घ्या आणि वेळून काढा. ती पेज पिऊ नका, गुरांनाही घालू नका.

पाणी तपासायला देताना प्रयोगशाळेत "आर्सेनिक तपासा" असं स्पष्ट लिहून द्या. सिंचनाच्या नेहमीच्या तपासणीत क्षार आणि सामू बघतात, सोमल नाही. बोअर दहा मिनिटं चालवून मग स्वच्छ बाटली भरा, वर गट क्रमांक आणि बोअरची खोली लिहा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. उन्हाळी पऱ्हे (धानाची रोपं) टाकण्याआधी अहवाल हातात हवा, म्हणून बाटली दिवाळीच्या आसपासच पाठवा.