पहिला पॉडकास्ट करायचाय, ५ हजारांचा माइक घेऊ की १० चा, आणि एडिटिंगचा क्लास लावू का?

क्लास लावू नका. माइकचं शेवटी सांगते, पण तुम्ही खाली लिहिलंय ना की "बोलण्यातले सगळे पॉज आणि अं-अं उडवायला शिकायचंय", ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

माझा पहिला एपिसोड आत्याचा. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरणही गेलं, तेव्हा ती १४ वर्षांची, नारायण पेठेत वाड्यात राहायची. घरात सगळ्यांनी ती हकिगत शंभरदा ऐकलेली, रेकॉर्ड मात्र कुणीच केली नव्हती. तिच्याच खोलीत बसलो. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला जाड चादर, कपाटाची दारं सताड उघडी कारण आतल्या साड्या-गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही. कॉलर माइक मोबाईलला जोडला आणि मोबाईल फ्लाइट मोडवर. ४१ मिनिटं बोलली. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं आणि आई देवघरातले देव पदरात घेत होती, इथपर्यंत आली आणि थांबली. मी नंतर मोजलं, ११ सेकंद. डोळ्याला पदर लावला तेव्हा बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज. मग म्हणाली, "गाय सोडायची राहिली गं."

मला एडिटिंग येत नव्हतं म्हणून मावसभावाला दिलं, तो रील्स एडिट करतो. ऑडासिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट आहे, शांत जागा आपोआप कापतो, तो त्यानं सरसकट लावला. ४१ ची २९ मिनिटं झाली आणि मी पूर्ण न ऐकताच अपलोड केलं, ही माझी चूक. आत्यानं कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि विचारलं, "मी इतकी घाईघाईत सांगितलं का गं?" पायरी, देव, गाय, सगळं एका दमात. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

मूळ फाईल माझ्या मोबाईलमध्ये होती म्हणून वाचले. तो एपिसोड काढला आणि ३ शनिवार-रविवार बसून स्वतः शिकले. ऑडासिटी फुकट आहे. मूळ फाईलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं, आणि आधी एकदा काहीही न कापता सगळं ऐकायचं. मी फक्त दारावरची बेल, खोकला आणि दोनदा आलेली वाक्यं काढली. कापलेल्या जागी काही भरायचं असेल तर कोरी शांतता टाकू नका, ती लगेच कळते, खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळीच सगळ्यांनी गप्प बसून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा आणि ती तिथं चिकटवा. नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागचा घरघराट कमी करणाऱ्या इफेक्टला, नमुना म्हणूनही तीच द्यायची, पण हलक्या हातानं, जास्त लावलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. रेकॉर्ड करताना आवाजाची उंच टोकं मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू देत, शून्याला टेकून आवाज फाटला की तो नीट होत नाही.

भाऊ अजून म्हणतो की लोक एवढं थांबत नाहीत. नसतील थांबत तर जाऊ देत. ज्याला त्या ११ सेकंदांत काही ऐकू येत नाही त्याच्यासाठी मी आत्याला बोलतं केलेलं नाही, आणि जो माणूस न ऐकता नुसतं बटण दाबून कापतो त्याला मी एडिटर म्हणणार नाही.

हां, तुमचा दोन मित्रांच्या गप्पांचा पॉडकास्ट असेल तर कापा खुशाल, तिथं निम्मे अं-अं गेले तरी काही बिघडत नाही. मी म्हणतेय ते आठवणी सांगणाऱ्या माणसांबद्दल.

माइक. रस्त्यावरचं घर असेल तर कंडेन्सर नको, तो खालचे हॉर्नसुद्धा उचलतो, घ्यायचाच तर डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः जवळचा आवाज घेणारा, घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर धरा. पण आत्ता ५ पण नको आणि १० पण नको. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली आहे, तिथून साधा कॉलर माइक आणा, हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, आणि बाईमाणूस असेल तर मंगळसूत्र आणि पदर बाजूला घ्यायला सांगा, ते माइकला घासलं की खरखर येते आणि ती एडिटिंगमध्ये निघत नाही.