दगड-धोंडे: तुमचे प्रश्न

प्रश्न: कोलोराडोत सिल्व्हरटनजवळ बंद खाणींखालचे ओढे नारिंगी दिसले. तिथला चमकता पिवळा दगड सोनं असेल का?

उत्तर: सोनं कसलं, पायराइट असणार, लोह आणि गंधक. बिनचकाकीच्या फरशीवर घासा. रेघ हिरवट-काळी उमटेल. सोन्याची पिवळीच येते. ओढ्याचा रंगही याचाच प्रताप. प्राचीन ज्वालामुखीच्या भेगांतून गरम पाण्यानं सोनं, चांदी, शिसं, जस्त वर आणलं, सोबत हे पायराइटही. बोगद्यांत त्याला हवा-पाणी मिळालं की आम्ल बनतं, लोह विरघळतं आणि पुढे नारिंगी गाळ होऊन दगडांवर बसतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन असं पाणी फुटलं, अ‍ॅनिमस नदी पिवळी झाली. पण सगळं खापर खाणींवर फोडू नका. तिथले रेड माउंटन नावाचे डोंगर याच पायराइटला उघड्यावर हवा-पाणी लागून खाणींच्या आधीपासूनच तांबडे आहेत.